भाव काय निघाला?

माझ्या माहेरी फोनवर "कशी आहेस, जेवलीस का" हे प्रश्न आईचे असतात. नानांचा, म्हणजे वडिलांचा, फोन असला की मीच आधी विचारते, "नाना, आज काय भाव निघाला?" मग ते आकडा सांगतात, आणि त्या आकड्यावरून मला घरातलं सगळं कळतं. भावाचं लग्न यंदा होणार की पुढच्या साली, आईचं गुडघ्याचं दुखणं ती डॉक्टरला दाखवणार की पुन्हा बाम चोळत बसणार, कांदा साठवायच्या चाळीचा पत्रा बदलणार की नाही, हे सगळं त्या एका आकड्यात असतं. आम्ही कांद्याची माणसं. नाशिक जिल्ह्यात आमच्या पट्ट्यात दुसरं काही पिकत नाही असं नाही, द्राक्षं आहेत, मका आहे, पण आमची जमीन थोडी आणि पाणी त्याहून थोडं, त्यामुळे कांदाच.

लहानपणापासून हा शब्द इतक्या वेळा कानावर पडलाय की तो शब्द आहे, त्याला काही अर्थ आहे, असं कधी वाटलंच नाही. पुण्यात आल्यावर वाटायला लागलं. कारण इथेही तोच शब्द सगळीकडे होता पण तो उलटा वापरला जायचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा मेसेज आला, कांद्याचे भाव कडाडले, साठ रुपये किलो, आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. आणि त्याच दिवशी आई फोनवर हसत बोलत होती. किती दिवसांनी हसत होती ते मला माहिती. मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, आणि आईलाही सांगितलं नाही की इथे लोक रडतायत. पेपरमध्ये भाव "भडकतात", "कडाडतात", "गगनाला भिडतात", "सर्वसामान्यांचं कंबरडं मोडतात", आणि आमच्याकडे त्याच गोष्टीला म्हणतात "यंदा जरा भाव आहे". जरा. एवढंच.

मराठीत पैशाचे शब्द काही कमी नाहीत. किंमत आहे, दर आहे, मोल आहे, दाम आहे. पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे रोज बोलणाऱ्याला न सांगता कळतं. किंमत छापलेली असते. साबणावर, बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या पट्टीवर. डीएपी खताच्या गोणीवर छापलेलं असतं १३५० रुपये, तिथे नाना घासाघीस करत नाहीत, खिशात हात घालतात आणि देतात. दर हा जरा कागदी शब्द, विजेचा दर, व्याजाचा दर, सरकारी पत्रकातला. मोल हा शब्द आता म्हणींमध्ये आणि "मोलमजुरी"त उरलाय. पण भाव म्हणजे जे अजून ठरलेलं नाही ते. सकाळी एक आणि दुपारी एक. भाव म्हटला की समोर दुसरा माणूस उभा असतोच. किंमत एकट्यानेसुद्धा वाचता येते, भावाला दोघं लागतात.

आणि ह्या भावाला लागणारी क्रियापदं बघा. भाव निघतो, भाव मिळतो, भाव लागतो, चढतो, उतरतो, वधारतो, गडगडतो, पडतो. ही सगळी आपोआप होणारी. जमिनीचं खोदकाम करताना मुरूम निघतो, पत्रिकेत मंगळ निघतो, तसा कांद्याला भाव निघतो. पाऊस पडतो, थंडी पडते, तसा भाव पडतो. करणारा कुणी दिसतच नाही त्या वाक्यात. नानांची एक चोपडी आहे, जुनी, खताच्या दुकानातून दिवाळीला मिळालेल्या डायरीतली पानं शिवून जाड केलेली. तिच्यात तारीख, किती क्विंटल किती किलो, कांदा लाल की उन्हाळ, म्हणजे उन्हाळी, आणि शेवटी भाव. काही पानांवर आकड्यापुढे एकच शब्द असतो, "पडला". कुणी पाडला ते नाही. नुसतं पडला, जसं काही अंगणातलं बोरीचं झाड वाऱ्याने पडलं.

पण भाषेत दुसरंही क्रियापद आहे ना, "पाडणे". भाव पाडून मागितला. पडला आणि पाडला, मधे फक्त एका कान्याएवढा फरक. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० च्या आंदोलनात नाशिकच्या शेतकऱ्यांना हा एक काना शिकवला असं मला वाटतं. कांद्याला आणि उसाला भाव मागण्यासाठी लोक रस्त्यावर आणि रेल्वेच्या रुळांवर बसले होते तेव्हा, आजोबाही गेले होते. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा आमच्या घरात मी आजोबांच्या तोंडून ऐकलीय, ते ती म्हणताना उजवी मूठ गुडघ्यावर आपटायचे. शेतमालाचा भाव नुसता दैवाने पडत नाही, धोरणांनी तो पाडला जातो, हे त्या सगळ्या चळवळीचं म्हणणं. आजोबांना ते पटलं होतं. नानांनाही पटलेलं आहे. पण चोपडीत लिहिताना ते अजूनही काना देत नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी सुट्टी घेऊन घरी गेले होते आणि नानांबरोबर मार्केटला गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच. आमचं मार्केट म्हणजे लासलगाव नाही, ते सगळ्यांना माहीत असतं, आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून त्याचं नाव पेपरात येतं. आमचं जवळचं, लहान. लाल कांदा होता, ट्रॉलीत बावीस क्विंटलच्या आसपास. नाना आणि भाऊ रात्रीच नंबर लावायला गेले, मी पहाटे चुलत्याच्या गाडीवर बसून पोचले. थंडी होती, ट्रॅक्टरच्या रांगा, माणसं ट्रॉलीखाली गोधड्या घेऊन झोपलेली. नाना उठले, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, पिशवीतून धुतलेली टोपी काढून घातली. ताडपत्री काढून घडी केली, आणि मग ट्रॉलीतल्या वरच्या कांद्यांवरून उगाच हात फिरवला, जशी शाळेत जाताना आई आमच्या केसांवरून फिरवायची.

लिलाव सुरू झाला की व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकत येतो. बाजार समितीचा माणूस पुढे असतो, तो पुकारत असतो. आमच्यापाशी आले. एकाने हात खोल घालून खालचे दोन-तीन कांदे काढले, अंगठ्याने साल चोळली, एक दाबून बघितला, परत टाकला. "साडेतीनशे, साडेतीनशे, चारशे, चारशे पंचवीस, साडेचारशे, ऐंशी, चारशे ऐंशी एक वार..." क्विंटलचा भाव आहे हा, किलोचा नाही. म्हणजे किलोला चार रुपये ऐंशी पैसे. पुकारणाऱ्याने नानांकडे पाहिलं. शेतकऱ्याला नाही म्हणायचा अधिकार असतो, भाव पटला नाही तर माल परत न्यायचा. परत नेऊन काय करायचं, लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत चार-सहा महिने ठेवता येत नाही, पंधरा दिवसांत कोंब काढतो. नानांनी मान हलवली. चिठ्ठी फाडली, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे गेला. सप्टेंबरात टाकलेलं रोप, दिवाळीच्या आधीची लागवड, वीज रात्रीची म्हणून रात्री दोन वाजता उठून दिलेलं पाणी, खुरपणी, काढणी, पात कापून बायांची बोटं काळी पडलेली, ते सगळं चहाचा कप प्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत संपलं, मी दोन फुटांवरून बघितलं.

आणि ते तिथेही संपलं नाही. वजनकाटा करून माल खाली करायला खळ्यावर नेला, तिथे ट्रॉली ओतल्यावर व्यापाऱ्याच्या माणसाने वांधा काढला. गोल्टी जास्त आहे म्हणे. गोल्टी म्हणजे बारीक कांदा. ऐंशी रुपये कमी करा, चारशे लावा. ओतलेला माल पुन्हा कोण भरणार? भरायचीसुद्धा मजुरी लागते. नाना म्हणाले, "बरं." बावीस क्विंटलचे आठ हजार आठशे, त्यातून हमाली, तोलाई, डिझेल. परत येताना ट्रॅक्टरवर मी मडगार्डवर बसले होते, नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "ताई, तू आलीस त्या दिवशी नेमका पडला बघ." माझ्या येण्याचं त्यांना वाईट वाटत होतं, मला तो भाव बघावा लागला म्हणून.

त्याच महिन्यात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला, भाव मिळाला किलोला एक रुपया, आणि भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात पडला २ रुपयांचा चेक. सगळ्या देशाच्या बातम्यांत तो चेक दाखवला. आमच्याकडे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. व्यापारी विक्रीच्या हिशोबाची जी चिठ्ठी देतो ती पट्टी, आणि अशा पट्टीला आमच्याकडे उलटी पट्टी म्हणतात, कधी कधी तर शेतकऱ्यालाच खिशातून भरावं लागतं. त्याच्या आधी २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एकाने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये थेट पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले होते. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. तो ओरडला नाही, काही नाही, फक्त आकडा पाठवला.

मग २०२३ साली सरकारने फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, दोनशे क्विंटलपर्यंत. नानांनी ते चोपडीत लिहिलं, पण वेगळ्या पानावर. मी विचारलं इथेच का नाही लिहिलं, तर म्हणाले, "तो भाव थोडीच आहे." आणि पुढे ऑगस्टमध्ये उन्हाळ कांद्याला जरा बरे दिवस यायला लागले तर निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, नाशिकमधले लिलाव बंद पडले, डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद केली, ती उठली थेट मे २०२४ मध्ये, तरी शुल्क राहिलंच, ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. शहरातल्या माणसाला कांदा महाग पडू नये म्हणून हे होतं हे मला समजतं, मी आता शहरातच राहते, कांदा विकत घेते. पण ज्या वेळेला नाशिकचा कांदा दुबईला, मलेशियाला जायचा थांबतो त्या वेळेला आमच्या चाळीतला कांदा सडायचा थांबत नाही. तिथे मला पडला आणि पाडला मधला काना स्पष्ट दिसतो, आणि तो न दिसल्यासारखं मी करणार नाही.

"रास्त भाव" ह्या दोन शब्दांचा मी खूप विचार केलाय. गावात रेशनच्या दुकानावर पाटी असते, "रास्त भाव धान्य दुकान". आणि शेतकरी संघटनेच्या लोकांची मागणीही कायम तीच, शेतमालाला रास्त भाव. एकीकडे रास्त म्हणजे घेणाऱ्याला परवडेल इतका कमी, आणि दुसरीकडे रास्त म्हणजे पिकवणाऱ्याला परवडेल इतका जास्त. आमचं कुटुंब दोन्हीकडे उभं असायचं. सकाळी नाना रास्त भाव मागायच्या मोर्चाला जायचे आणि दुपारी आई पिशवी घेऊन रास्त भावाच्या दुकानासमोर रांगेत. दोन्ही ठिकाणी तोच शब्द आणि दोन्ही ठिकाणी तो खरा. हमीभाव हा शब्द आला तेव्हा वाटलं होतं सुटलो, पण कांद्याला हमीभाव नाही. गहू, तूर, कापूस, सोयाबीनला आहे. कांद्याला नुसता भाव.

बाकी माणसांनाही भाव असतोच. कॉलेजमध्ये मी गावाकडून आलेली म्हणून पहिलं वर्षभर मला कुणी भाव दिला नाही. "ती फार भाव खाते", "त्याला एवढा भाव देऊ नकोस, डोक्यावर बसेल", हे आपण दिवसातून दहादा बोलतो. इथे मात्र गंमत अशी की भाव देणारा दिसतो आणि खाणाराही दिसतो. माणसाच्या बाबतीत आपण नाव घेतो, मालाच्या बाबतीत नाही. नोकरी लागल्यावर मुलाचा लग्नाच्या बाजारात भाव वाढला म्हणतात, ते ऐकलं की अजून अंगावर काटा येतो, कारण माझ्या बहिणीच्या वेळेला ते आमच्या पडवीत बसून बोललं गेलं होतं.

आणि आजीचा भाव वेगळाच. आजी रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायची, त्यात "भावेंवीण भक्ति" यायचं आणि मला लहानपणी खरंच वाटायचं की हे कांद्याबद्दल चाललंय. भावाशिवाय काही नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणायचे ना. देव भावाचा भुकेला, आजी म्हणायची, आणि मी विचारायचे किती भावाचा, तर ती माझ्या पाठीत हळूच धपाटा घालायची. मोठी झाल्यावर कळलं की शब्द एकच आहे. संस्कृतातल्या भू धातूपासूनचा, असणं, होणं. मनात जे होतं तो भाव, म्हणून हावभाव, मनोभावे, भाविक, आणि स्वभावसुद्धा. आणि बाजारात वस्तूचं जे होतं, तोही भाव. आजी वारीला एकदाच गेली, २००४ च्या आषाढीला, कांदा विकून आलेल्या पैशातून. जाताना कंबरेच्या पिशवीत पैसे मोजून घेतले आणि परत आल्यावर उरलेले नानांच्या हातात मोजून दिले. पंढरपुरात चुरमुरे-बत्तासे घेताना तिने भाव केला होता आणि विठोबापुढे भाव ठेवला होता, दोन्ही तितक्याच मनापासून, ती तसंच सांगायची.

मला जे सांगायचंय ते आता आईवरून सांगते. आमच्या गावाजवळ मंगळवारचा आठवडे बाजार भरतो. आई तिथे बसते, लग्न होऊन आली तेव्हापासून. मेथी, शेपू, हिरव्या मिरच्या, घराच्या मागे जे निघेल ते, गोणपाट अंथरून. तिथे बाई येते, खाली वाकते, जुडी उचलते आणि विचारते, "काय भाव?" आणि आई सांगते. दहाला जुडी. ती बाई म्हणते पंधराला दोन द्या, आई म्हणते नाही परवडत, बघा पानं कशी आहेत, आजची सकाळची आहे. मग कधी देते, कधी नाही देत, कधी वर चार मिरच्या टाकते. पण भाव पहिला आईच्या तोंडून निघतो. एकाच घरातली दोन माणसं, एकाच मातीतलं विकतात. आई भाव सांगते आणि नाना भाव ऐकतात. आईच्या त्या गोणपाटावर संध्याकाळी तीनशे-चारशे रुपये जमतात फार तर, नानांच्या एका ट्रॉलीपुढे ते काहीच नाही. पण बाजारातून येताना आईची चाल वेगळी असते. मला ते लहानपणी दिसायचं पण कळायचं नाही.

पुण्यात भाजीवालीकडे मी भाव करत नाही असं नाही, करते. भाव करणं म्हणजे अपमान असतो असं मला वाटत नाही, दोघी बोलतो, ती सांगते, मी मागते, ती हसते नाहीतर चिडते, ते बरोबरीचं असतं. ॲपवरून मागवलं की नुसती किंमत असते, तिथे बोलायला कुणी नसतं. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तिने अजून कुणाला "काय भाव?" असं विचारलेलं नाही. तिला मी मंडईत मुद्दाम घेऊन जाते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावी होतो, मंगळवार होता आणि आईचा गुडघा फार दुखत होता म्हणून मी आणि नाना तिच्याबरोबर गेलो. तिने मेथीबरोबर चाळीतले पंचवीसेक किलो कांदेही घेतले होते, निवडलेले, मोठे. दुपारी आई पाणी प्यायला आणि गुडघा जरा सरळ करायला मागे शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली, मी मुलीला कुल्फी घेऊन देत होते, गोणपाटावर नाना एकटे. एक शहरातून आलेली वाटणारी बाई थांबली, कांदा हातात घेतला, साल चोळली, दाबून बघितला आणि म्हणाली, "दादा, कसा दिला?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं कांदा विकलेला माणूस. चोपडीत चाळीस वर्षांचे भाव लिहिलेला माणूस. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "तुम्ही काय द्याल?"

"वीस रुपये किलो, ताई," मागून आईचा आवाज आला, आणि ती ओट्यावरून उठून लंगडत यायला लागली.